देवाला आपली पडलेली असेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: देव आहे असं घटकाभर धरून चाललं, तरी एवढ्या अफाट विश्वाचा पसारा ज्याने मांडला त्याला माणसाची काही पडलेली असेल का? आणि नसेल, तर प्रार्थना, वारी, नवस हे सगळं कशासाठी?

घराणं वारकऱ्यांचं आणि नोकरी तत्त्वज्ञान शिकवण्याची, त्यामुळे हा प्रश्न मला वर्गातही भेटला आणि दिंडीतही. माझं उत्तर आधी सांगून टाकतो, कारणं मागाहून. ज्या देवाला कशाचीच उणीव नाही त्याला आपली पडलेली असणं फार अवघड आहे. आणि ज्याला खरोखर पडलेली आहे तो सर्वशक्तिमान असणं तितकंच अवघड आहे. आपण मात्र दोन्ही बिरुदं एकाच देवाच्या गळ्यात घालतो आणि मग गारपीट झाली, घरातलं तरणंताठं माणूस गेलं, की त्याच्याकडे जाब मागायला जातो.

आधी विश्वाच्या पसाऱ्याचा मुद्दा निकालात काढू. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर वावरू लागला त्याला जेमतेम ३ लाख वर्षं झाली. आपल्या एकट्या आकाशगंगेत किमान १०,००० कोटी तारे आहेत. हे आकडे ऐकून माणूस दबतो, हे खरं. पण त्यातून निघतं काय? लक्ष अपुरं पडतं ते आपलं. ज्याला मर्यादाच नाही त्याला एकाकडे बघताना दुसऱ्याकडे पाठ फिरवावी लागत नाही; त्याला दीर्घिका आणि मुंगी यांत निवड करावी लागत नाही. कारभार मोठा म्हणजे वरच्या साहेबाला तळच्या माणसाची दाद नसणार, हे अनुमान आपण तहसील कचेरीत शिकलो आणि देवाला चिकटवलं. तेव्हा आकाराचा मुद्दा सोडा. त्यात भावना आहे, युक्तिवाद नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. काळजी म्हटली की तीन गोष्टी एकत्र येतात: दुसऱ्याचं दुःख कळणं, ते आपल्याला लागणं, आणि त्याबद्दल काहीतरी करणं. सर्वज्ञ देवाला कळतं, यावर फारसा वाद नाही. घोडं अडतं ते लागण्यापाशी. दुसऱ्याचं दुःख मला लागतं तेव्हा माझ्यात काहीतरी हलतं, मी होतो तसा राहत नाही. पण परिपूर्ण देव हलायचा कसा? हलला तर आधी तरी पूर्ण नव्हता किंवा आता तरी नाही.

ग्रीकांनी हे फार लवकर ओळखलं. ॲरिस्टॉटलचा देव सगळ्या जगाच्या गतीचं कारण आहे, पण तो स्वतः फक्त स्वतःच्या चिंतनात असतो. आपल्यासारख्या अपूर्ण गोष्टींचा विचार करणं हेच त्याला उणेपण आणणारं. एपिक्युरसने त्याहून सरळ सांगितलं: देव आहेत, ते आनंदात आहेत, आणि जो आनंदात आहे तो स्वतःला त्रास करून घेत नाही की दुसऱ्याला देत नाही, राग आणि लोभ ही दुबळ्यांची लक्षणं. एपिक्युरसला पुष्कळ लोक रूक्ष समजतात. त्याचा हेतू उलट होता. देव कोपेल या धाकाने रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला तो सांगत होता की बाबा, त्यांना तुझ्याशी काही देणंघेणं नाही, निर्धास्त झोप.

आपल्याकडे हाच वाद ब्रह्मसूत्रांच्या, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथाच्या, दुसऱ्या अध्यायात, पहिल्या पादात आला आहे. आक्षेप असा की प्रयोजनाशिवाय कोणी काही करत नाही. देवाने जग केलं ते कशासाठी? काही मिळवायचं होतं म्हणावं, तर तो आप्तकाम, म्हणजे ज्याला काही मिळवायचं उरलं नाही असा, राहत नाही. काहीच मिळवायचं नव्हतं म्हणावं, तर तो खुळ्यासारखा वागला. सूत्रकारांचं उत्तर: ‘लोकवत्तु लीलाकैवल्यम्’, जगात दिसते तशी ही निव्वळ लीला. शंकराचार्यांनी त्यावर दोन दाखले दिले. सगळं काही मिळालेला राजा उगाच क्रीडा करतो तसं. किंवा श्वास जसा कोणत्याही हेतूविना, आपल्या स्वभावाने चालतो तसं. युक्तिवाद म्हणून दुसरा दाखला पहिल्याहून सरस आहे, पण तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने तो जीवघेणा आहे. जग हा देवाचा श्वास असेल, तर मी रोज किती श्वास सोडले आणि त्यांचं पुढे काय झालं याची मला कितीशी फिकीर असते?

‘नाही, त्याने जग करुणेपोटी केलं’ असं कोणी म्हणेल. या वाटेवर वाचस्पती मिश्र उभे आहेत. ‘सांख्यकारिका’ या सांख्य दर्शनाच्या ग्रंथाचा अर्थ उलगडणाऱ्या आपल्या टीकेत ते विचारतात: करुणा म्हणजे दुसऱ्याचं दुःख दूर व्हावं ही इच्छा. सृष्टीच्या आधी शरीर नाही, इंद्रियं नाहीत, विषय नाहीत. मग दुःख होतं कोणाला? दया कोणाची आली? बरं, सृष्टी झाल्यावर जीवांचं दुःख पाहून कळवळला म्हणाल, तर करुणेमुळे सृष्टी आणि सृष्टीमुळे करुणा, असे दोघे एकमेकांच्या खांद्यावर बसलेले. शिवाय करुणेने करायचंच होतं, तर सगळे जीव सुखीच का केले नाहीत? असाच सवाल त्यांच्या कितीतरी आधी कुमारिल भट्टांनी केला होता. हे दोघे वेद नाकारणारे नास्तिक नव्हेत, हे लक्षात घ्या. कुमारिल वेदप्रामाण्याचे कट्टर कैवारी, आणि वाचस्पतींनी तर वेदान्तावर आणि न्यायावरही टीकाग्रंथ लिहिले. म्हणजे ‘देवाला तुमची दया आली म्हणून जग झालं’ ही कल्पना मोडीत काढायला बाहेरून कोणी यावं लागलं नाही.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात मात्र एक देखणी वाट आहे. तिथला ईश्वर क्लेश, कर्म, कर्मफळ, वासना यांनी न शिवलेला आहे. त्याला स्वतःला काहीच मिळवायचं नाही, तरीही ‘भूतानुग्रह’, जीवांवर कृपा, हे त्याचं प्रयोजन आहे असं भाष्यकार म्हणतात. उणीव नसताना काळजी, ही एकच जागा मला अशी दिसते. पण हा ईश्वर करतो काय ते पाहा: ज्ञानाचा आणि धर्माचा उपदेश. तो गुरू आहे. तो पूर थांबवत नाही, ताप उतरवत नाही.

आता ब्रह्मसूत्रांतलंच पुढचं सूत्र, कारण मराठी माणसाच्या बोलण्यात ‘ज्याचं त्याचं प्रारब्ध’ म्हणून जे येतं त्याचा हा पाया आहे. देवावर दोन आरोप आहेत, वैषम्य आणि नैर्घृण्य: कोणाला राजवाडा, कोणाला उकिरडा असा तो पक्षपाती, आणि एवढं दुःख निर्माण करणारा निर्दय. उत्तर: ‘न सापेक्षत्वात्’. तो मनाला येईल तसं करत नाही, जीवांच्या कर्माप्रमाणे करतो. शंकराचार्य पावसाचं उदाहरण देतात. पाऊस साळीवर आणि जवावर सारखाच पडतो; साळीची साळ आणि जवाचा जव उगवतो तो बियाणामुळे. तर्काला उत्तर चोख आहे. देव आरोपातून सुटला. पण सुटता सुटता तो पाऊस झाला, आणि पावसाला साळीची काळजी असते असं कोणी म्हणत नाही. दुसरं म्हणजे, दुःखाचं सगळं बिल दुःखी माणसाच्याच नावावर फाडलं गेलं.

ते बिल प्रत्यक्षात हातात पडतं तेव्हा काय होतं, हे पाहायला तत्त्वज्ञानाच्या टीकाग्रंथांत जायची गरज नाही. मंगळवेढ्याच्या एका घरात ते दिसतं. चोखोबा म्हणतात:

‘यातीहीन मी महार । पूर्वी नीळाचा अवतार ॥
कृष्णनिंदा घडली होती । म्हणोनि महार जन्मप्राप्ती ॥
चोखा म्हणे विटाळ । आम्हां पूर्वींचें हें फळ ॥’

बापाने बिल स्वीकारलं. मागच्या जन्मी माझ्याकडून निंदा घडली, त्याचं हे फळ. मुलगा कर्ममेळा. त्याचे अभंग मोजकेच मिळतात, आणि त्यांतला एक असा:

‘आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥
जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥
आमचे घरीं भात दहीं । खावोनी कैसा म्हणसी नाहीं ॥
म्हणे चोखियाचा कर्ममेळा । कासया जन्म दिला मला ॥’

वर्गात हा अभंग फळ्यावर लिहिला की मी तिसऱ्या चरणावर थांबतो. विठ्ठल चोखोबांच्या घरी जेवला, ही त्या घरातली जिव्हाळ्याची कथा. कर्ममेळा ती नाकारत नाही. ती पुरावा म्हणून पुढे करतो. तू आलास, बसलास, दहीभात खाल्लास, आणि आता ओळख दाखवत नाहीस? देवाला आमची काहीच पडलेली नाही, असा हा आरोप नाही. पडलेली होती, माया होती, येणंजाणं होतं, आणि तरीही उष्टं खाणं सुटलं नाही, असा आहे. ‘कां न कळे’ असं विचारताना तो देवाच्या सर्वज्ञतेलाच हात घालतो, आणि ‘लाज’ मागताना देवाला लागलंच पाहिजे असं बजावतो. पूर्वजन्माचा तो उल्लेखही करत नाही. बापाच्या तोंडचं उत्तर घरात त्याने ऐकलं नसेल हे संभवत नाही.

चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर, भिंत कोसळून, इतर मजुरांबरोबर गेले. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारात, नामदेव पायरीसमोर आहे, म्हणजे देवळाच्या दाराशी. ते दार त्यांच्या माणसांना उघडलं १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. मधे ६०० हून अधिक वर्षं गेली. श्रद्धाळू माणूस म्हणेल की देवानेच गुरुजींना बुद्धी दिली. म्हणू दे, मला त्याचं मन मोडायचं नाही. पण मग ही बुद्धी द्यायला एवढा उशीर का, हा प्रश्न कर्ममेळ्याच्या वतीने उभा राहतोच, आणि मला आजवर त्याचं उत्तर मिळालेलं नाही.

याच्या अगदी उलट टोकाला, देव फारच बारकाईने लक्ष ठेवून आहे, असं मानणारे लोक. त्यांतही थोर माणसं आहेत. १५ जानेवारी १९३४ ला बिहार आणि नेपाळात प्रचंड भूकंप झाला, हजारो माणसं मेली, मुंगेर आणि मुजफ्फरपूर उद्ध्वस्त झाले. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर होते. त्यांनी जाहीरपणे सांगितलं की हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोर अस्वस्थ झाले. त्यांनी निषेधाचं निवेदन लिहिलं आणि गांधीजींनी ते आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात छापलं, हा त्यांचा मोठेपणा. टागोरांचं म्हणणं होतं की भौतिक उत्पाताला भौतिकच कारणं असतात. आणि भूकंपाला शिक्षा ठरवण्याचा युक्तिवाद खरं तर गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांच्या स्वभावाला जास्त शोभणारा आहे. नेमका मुद्दा आहे. भूकंप कोणत्याही पापाला चिकटवता येतो. सनातन्यांनी तोच भूकंप स्पर्शबंदी मोडल्याच्या पापाला चिकटवला असता, तर गांधीजींनी कोणत्या आधारावर नाही म्हटलं असतं? शिवाय ज्यांच्यावरच्या अन्यायाची शिक्षा म्हणून जमीन हलली, त्यांच्या झोपड्या काय उभ्या राहिल्या होत्या?

गांधीजींचा हेतू कर्ममेळ्याच्या बाजूचा होता, हे मला दिसतं. ‘लाज न ये तुमचे चित्ता’ याला जणू त्यांनी उत्तर मिळवून दिलं: आली लाज, पाहा, देव खवळला. पण काळजीचा पुरावा म्हणून कोपाकडे बोट दाखवायची वेळ येते तेव्हा तो देव राखायच्या लायकीचा उरत नाही.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे मोठी गारपीट झाली. त्या दिवसांत द्राक्षबागायतदाराच्या घरचा एक मुलगा तास संपल्यावर दाराशी थांबला. माल तोडणीला आलेला, व्यापाऱ्याशी बोलणी झालेली, आणि थोड्या वेळात घड झोडपून निघाले; फुटलेल्या मण्यांचा आंबूस वास बागेत दोन दिवस होता म्हणाला. त्याने विचारलं, “सर, गारा पडल्या की पाडल्या?” मी म्हटलं, पडल्या. थंड आणि उष्ण हवा एकमेकांत घुसली की ढगात गारा तयार होतात, त्यांना तुझ्या बापाचा सातबारा दिसत नाही. तो म्हणाला, आजी म्हणते आपण यंदा कुलदैवताला गेलो नाही म्हणून. मुलाचं नुकसान झालंच होतं, वर त्याला अपराधी वाटायला लावलं होतं. आजीचा दोष नाही. कारण नसण्यापेक्षा कारण आपलंच असणं पुष्कळांना सोसतं, कारण मग पुढच्या वर्षी काहीतरी करता येतं. पण मी कोणालाही हे उत्तर देणार नाही, आणि कोणी दिलं तर खोडून काढतो.

इथे तुकोबा आणल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण एकाच माणसाने या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरं दिली आणि गाथेत तिन्ही शेजारी नांदतात. १६३० च्या सुमारास दख्खनेत आणि गुजरातेत भीषण दुष्काळ पडला. तुकोबा तेव्हा विशी ओलांडलेले. ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’, हे त्यांनीच सांगून ठेवलं आहे. पहिलं उत्तर: ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’. या पीडेमुळे मी तुझ्याकडे वळलो. कीर्तनात हा अभंग फार वापरला जातो आणि मला वाटतं जरा सैलपणे वापरला जातो. ज्याची बायको अन्न अन्न करत गेली त्याने ‘बरें जालें’ म्हणावं, तो त्याचा अधिकार. दहाव्याच्या कीर्तनात बुवांनी समोर बसलेल्या विधवेला ते ऐकवणं ही निव्वळ कठोरता आहे. आणि त्या अन्न अन्न करत गेलेल्या रखमाबाईचं काय बरं झालं, हे तर कोणी विचारतच नाही.

दुसरं उत्तर: ‘माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल’. संबंध तोडले, आता त्याचं नावही घेणार नाही. ‘असो त्याला असेल’ हे तीन शब्द मला प्रश्नाच्या अगदी गाभ्याचे वाटतात. देव आहे की नाही यावर तुकोबा वाद घालत नाहीत. ज्यांच्यासाठी असेल त्यांच्यासाठी असो. पण ज्याला माझी दाद नाही तो माझ्यापुरता मेला. काळजी नसलेला देव असला काय नि नसला काय, हे युरोपात मोठमोठ्या ग्रंथांतून सिद्ध करावं लागलं. इथे ते रागाच्या भरात एका ओळीत झालं.

तिसरं उत्तर सगळ्यांत धीट: ‘नाहीं तरी तुज कोण हें पुसतें । निराकारीं तेथें एकाएकी’. आम्ही पतित आहोत म्हणून तुला पतितपावन हे नाव. नाहीतर तिकडे निराकारात एकटा पडला होतास, तुला विचारलं कोणी असतं? पुढे ते अंधारामुळे दिव्याला शोभा येते, रोगामुळे धन्वंतरीचं नाव होतं, असे दाखले देत जातात. इथे आप्तकाम देव संपला. या देवाला उणीव आहे, आणि ती आपली आहे. वाचस्पतींनी जे कोडं घातलं होतं, त्यातली ‘देव परिपूर्ण आहे’ ही अट वारकऱ्यांनी काढून टाकली. अशीच एक आख्यायिका उदयनाचार्यांबद्दल सांगतात: ईश्वराचं अस्तित्व सिद्ध करण्यात हयात घालवलेला हा न्यायदर्शनाचा पंडित जगन्नाथपुरीला गेला तर देवळाचं दार बंद. तो म्हणाला, ऐश्वर्याने माजलास, मला ओळखत नाहीस. पण ईश्वर न मानणारे बौद्ध वादाला आले की तुझं असणं माझ्यावर अवलंबून आहे. तिथे ती पंडिताची फुशारकी आहे. तुकोबांकडे ते नातं आहे.

आणि जनाबाईंकडे तर संसारच. देव तिच्या शेजारी जात्याला बसतो, शेणी वेचतो, तिची वेणी घालतो. ती त्याला ‘अरे विठ्या विठ्या । मूळ मायेच्या कारट्या’ म्हणून शिव्याही घालते. तत्त्वज्ञ म्हणून माझं लक्ष एका गोष्टीकडे जातं: तो दळायला बसतो, पण दळण संपवत नाही. जनी नामदेवांच्या घरची दासी होती आणि दासीच राहिली. काळजीचा तिसरा भाग, म्हणजे काहीतरी करणं, या देवाकडे जवळपास नाही. कळणं आणि लागणं मात्र भरपूर. मूर्तीही तशीच आहे पाहा. दोन्ही हात कमरेवर. वर देणारा हात नाही, अभय देणारा नाही, शस्त्र उगारलेला नाही. पुंडलिकाची कथाही तेच सांगते: आईबापांची सेवा चालली होती, देव आला, त्याला वीट दिली आणि थांब म्हटलं. माणूस माणसाची काळजी घेत होता, आणि देवाने वाट पाहिली.

विसाव्या शतकात युरोपात हान्स योनास हा ज्यू तत्त्वज्ञ फार वेगळ्या रस्त्याने याच्या जवळ आला. त्याची आई ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत मारली गेली. १९८४ मध्ये दिलेल्या एका व्याख्यानात त्याने म्हटलं की देवाचा चांगुलपणा आणि तो काही प्रमाणात तरी समजू शकणं, हे दोन्ही राखायचं असेल तर त्याची सर्वशक्तिमत्ता सोडावी लागेल. ऑशविट्झमध्ये तो गप्प राहिला तो इच्छा नव्हती म्हणून नव्हे. त्याला थांबवताच आलं नाही. हे ऐकून काहींना देव लहान झाल्यासारखं वाटतं. माझ्या मते दुसरा पर्याय, म्हणजे थांबवता येत होतं पण थांबवलं नाही, तो देवाला कितीतरी जास्त लहान करतो.

जोतीराव फुल्यांनी निराळीच तिसरी वाट काढली. त्यांचा निर्मिक, म्हणजे निर्माणकर्ता, शेजारी दळायला बसत नाही. त्याला फुलं नकोत, नैवेद्य नको, नामस्मरणही नको, कारण हे सगळं त्यानेच सर्वांच्या उपभोगासाठी निर्माण केलं. १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर छापलेल्या शेवटच्या पुस्तकात हे प्रश्नोत्तररूपाने आलं आहे. निर्मिकाची काळजी एकदाच आणि सर्वांत आधी व्यक्त झाली: स्त्री-पुरुष सर्वांना त्याने स्वतंत्र आणि समान हक्कांचं केलं. पुढे जे बिघडलं ते माणसाने, दुरुस्तही माणसानेच करायचं. कर्ममेळा या देवापुढे उभा राहिला असता तर त्याला निदान एवढं ऐकायला मिळालं असतं की तुझी याती मी केलेली नाही. तर्काच्या बाजूने पाहता मला हा देव सर्वांत स्वच्छ वाटतो. फक्त रात्री दोन वाजता दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेल्या माणसाला त्याच्याशी बोलता येत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, प्रार्थना कशाला. नवस आधी वेगळा काढा. तो सौदा आहे: मूल दे, पेढे घे. त्यात देवाला आपली काळजी आहे हेही गृहीत नाही, त्याला पेढ्यांची आहे एवढंच गृहीत आहे. तुकोबांनी त्याची एका ओळीत वासलात लावली: ‘नवसें कन्यापुत्र होती । तरी कां करणें लागे पती’.

प्रार्थनेबद्दल स्पिनोझा या युरोपीय तत्त्वज्ञाचं मत कडक आहे. जो देवावर प्रेम करतो त्याने देवानेही उलट प्रेम करावं अशी इच्छाच धरू नये, कारण ती धरणं म्हणजे देवाने देव असू नये असं म्हणणं. आइन्स्टाइनला १९२९ मध्ये एका धर्मगुरूने तारेने विचारलं, देवावर विश्वास आहे का, तेव्हा त्याने स्पिनोझाच्याच देवाचं नाव घेतलं. माणसांच्या नशिबात आणि करणीत लक्ष घालणाऱ्या देवावर आपला विश्वास नाही, असं वर स्पष्ट केलं. मला या भूमिकेबद्दल आदर आहे, आणि ती जगायला फार थोड्यांना जमते.

दिंडीत मात्र मी वेगळंच पाहतो. आषाढीला पंढरपुरात पोचलेल्यांतले पुष्कळ लोक दर्शनबारीत शिरतही नाहीत; तेवढा वेळ नसतो, पेरण्या खोळंबलेल्या असतात. चंद्रभागेत बुडी, नामदेव पायरीला डोकं, कळसाला हात जोडले, की परत. एका म्हाताऱ्या माळकऱ्याला मी विचारलं होतं, एवढं चालत येऊन त्याला न बघता जाता, काही मागितलंत तरी का? तो म्हणाला, “मागायचं काय त्यात, आलो होतो एवढं त्याला कळलं म्हंजी झालं.” कळणं, लागणं, करणं या तिघांपैकी त्याने पहिल्यावरच भागवलं होतं. मी भागवू शकत नाही. मला कर्ममेळ्यासारखा जाब हवा असतो, आणि जाब मागायला समोर कोणीतरी असावं लागतं, म्हणून माझ्या लेखी देव अजून पुरता मेलेला नाही.